दोन चवळ्या, एकच लाल

साडीचा रंग कधी ट्यूबलाइटखाली बघू नये. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन त्याची मोजदाद नाही. नंदुरबारात आमचं मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, सगळं मिळतं. बाई साडी घेऊन आली की मी तीन-चार तागे काढायची आणि म्हणायची, चला बाहेर, ओट्यावर. उन्हात साडीचा पदर आणि कापड शेजारीशेजारी धरायचं, मग कापड पदरावर ठेवायचं. जे कापड पदरात हरवून जातं ते तुमचं. आणि जाताना एक गोष्ट वरून सांगायची, अर्धी छटा गडदच घ्या, पहिल्या धुण्याला कापड थोडं उतरतं. तीस वर्षं हेच केलं. ती अर्धी छटा माझ्या हातात इतकी बसली होती की डाळीत हळद टाकतानासुद्धा थोडी जास्तच पडायची. तिनंच मला पुढे गोत्यात आणलं, ते सांगायला बसलेय.

सूनबाईनं दुकान हातात घेतलं आणि मी रिकामी झाले. रिकामं बसायची सवय नाही. घरात मुलाचा जुना लॅपटॉप पडून होता. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत, वहीत लिहून घेत, मी पानं जुळवायचं सॉफ्टवेअर शिकले. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण त्याला काय झालं, रंगाच्या खिडकीत शिरलं की मला दुकानात शिरल्यासारखंच वाटायचं. आधी भजनी मंडळाची हळदीकुंकवाची पत्रिका केली, मग एका बारशाचं कार्ड. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर त्यांना घरातले उतारू मोजायचं काम उरलं होतं. ते म्हणाले,

"आते हाई काय नवं खूळ काढं तुनी?"

"खूळ नाही, पत्रिका आहे. मजकूर वाचून द्या."

त्यांनी चष्मा लावून तीन चुका काढल्या आणि तेव्हापासून घरचे प्रूफवाले तेच.

मग एकदा धडगावकडच्या एका पाड्यावरची अंगणवाडी सेविका दुकानात आली. माझी जुनी गिऱ्हाईक. सरकारी मीटिंग असली की डोंगरातून खाली यायची आणि साडीचं मॅचिंग घेऊन जायची. या वेळी साडी नव्हती. पदरातून तिनं एक गाठोडं काढलं, त्यात छोट्या छोट्या पुड्या. प्रत्येक पुडीत वेगळं बी. चवळी, वाल, कुळीथ, मूग, मका, ज्वारीचे तीन प्रकार.

"मावशी, ही माझ्या सासूची बियाणी," ती म्हणाली. "आमच्याकडच्या बायकांना बी लागलं की त्या सासूकडे येतात. आता बायकांच्या गटानं धडगावला बियाण्यांचा मेळा ठरवलाय. तिथं वाटायला पुस्तक हवंय. चित्रांचं. सासूला वाचता येत नाही, निम्म्या बायकांना येत नाही. चित्र बघून बी ओळखता आलं पाहिजे."

"म्हणजे रंग अगदी तोच हवा."

"तेच सांगायला आले. विशेष या दोन चवळ्या बघा."

तिनं दोन पुड्या उघडल्या. एक चवळी लाल, कुंकवाच्या अंगानं जाणारी. दुसरी विड्यातल्या काथाच्या रंगाची, लालसरच, पण पोटात तपकिरी. लाल चवळी लवकर येते. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जायच्या आधी शेंगा हातात असतात. काथ्या चवळी उशिरा येते, ज्यांच्या घरी कुणी मागं राहणार त्यांनीच ती पेरायची. चुकून ती पेरली तर माणसं निघून जातात आणि शेंगा नंतर लागतात, खायला कुणी नाही. हे मला सेविकेनं दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान हलवली.

ओट्यावर सकाळच्या उन्हात पांढऱ्या कापडावर बिया मांडून फोटो काढले. पानं जुळवली. नावं तिच्या बोलीत लिहिली, ती सेविकेनंच फोनवर अक्षर अक्षर सांगितली. आणि मग मी रंगाच्या खिडकीत गेले. मनात म्हटलं, कागदावर छापलं की रंग थोडा उतरणारच, कापडासारखा. तेव्हा अर्धी छटा वर. लाल चवळी वाढवली, काथ्या वाढवली, मूग वाढवला. स्क्रीनवर पानं अशी दिसत होती की सूनबाई चहा ठेवून तिथंच उभी राहिली. मध्येच त्या सॉफ्टवेअरनं चवळीवर राखाडी ठिपके दाखवायला सुरुवात केली. मला वाटलं काहीतरी बिघडलं. शोधून शोधून ते ठिपके दाखवायचं बंद केलं आणि स्वतःवर खूश झाले.

एक्सपोर्ट करताना पीडीएफचे पाच-सहा प्रकार विचारले. मोबाइलवर पाठवायला जो सगळ्यात लहान तो घेतला, प्रेसवाल्याला पाठवला आणि सांगितलं, दोन नमुने काढून ठेव. ते मी बघितलेच नाहीत. सेविकेचा नवरा त्याच दिवशी गावात आला होता, तो प्रेसमधूनच ते नमुने घेऊन वर गेला.

तिसऱ्या दिवशी सेविकेचा फोन.

"मावशी, सासूबाई पुस्तक वाटू देणार नाही म्हणतात."

"का? काय झालं?"

"दोन्ही चवळ्या एकच दिसतात. हे वाटलं तर बायका चुकीचं बी नेतील आणि नाव माझं जाईल, म्हणतात. गटातल्या बायकांनी समजावलं, पण ऐकत नाहीत. त्यांनी नाही म्हटलं तर आम्हीपण वाटणार नाही."

मेळ्याला दहा दिवस राहिले होते. मी चपला घातल्या आणि प्रेसवर गेले, भांडायलाच. प्रेसवाला आमच्या गल्लीतला, पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं नमुन्याची तिसरी प्रत काढून दिली. खरंच, दोन चवळ्या सख्ख्या जुळ्या बहिणींसारख्या विटकरी लाल.

"तुझ्या मशीननं माझे रंग खाल्ले," मी म्हटलं.

"काकू, मशीन कशाला खाईल? तुमच्या स्क्रीनच्या पाठीमागे दिवा आहे, माझ्या कागदाच्या पाठीमागे टेबल आहे."

"म्हणजे?"

"स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा उजेड मिसळून रंग दाखवते. मी निळी, किरमिजी, पिवळी, काळी शाई कागदावर मांडतो. तुम्ही इतका लाल दिलात की तो माझ्या शाईत नाहीच. मग मशीन त्याला शाईत जो शेवटचा लाल आहे तिथं नेऊन बसवतं. दोघींनाही तिथंच बसवलं."

दोन्ही चवळ्या पळत जाऊन एकाच भिंतीला टेकल्या होत्या, हे मला तेव्हा चित्रासारखं दिसलं. तरी मन मानेना. घरी स्क्रीनवर तर दोघी वेगळ्या दिसतात, मग चूक माझी कशी? दुसऱ्या दिवशी पिशवीत लॅपटॉप घातला आणि निघाले. हे म्हणाले, "धडगावना घाट, तुन्ही कंबर." मी म्हटलं, कंबर माझी आहे, मी बघीन. प्रकाशा गावचा तापीवरचा पूल ओलांडून शहाद्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर शेजारणीची कोंबडी. उतरेपर्यंत आम्ही तिघी सरावलो होतो.

सेविकेची सासू, ती बियाणेवाली, अंगणात सूप घेऊन बसली होती. माझ्याच वयाची, फार तर दोन-चार वर्षांनी मोठी. तिची बोली पावरी, माझी अहिराणी, मधे सेविका. पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि मग तिनं पुस्तक उघडलं. मुगाचा एक दाणा मुगाच्या चित्रावर ठेवला. दाणा चित्रावर टिपक्यासारखा उठून दिसला. मग लाल चवळी लालच्या चित्रावर, काथ्या काथ्याच्या चित्रावर. मग अदलाबदल केली. काहीच फरक नाही. मी बघतच राहिले. कापड पदरावर ठेवायची माझी रीत ही बाई दाण्यानं करत होती.

ती काहीतरी बोलली. सेविका खाली बघून हसायला लागली.

"काय म्हणाल्या?"

"राहू द्या मावशी."

"सांग गं."

"म्हणतात, ही बाई दुकानात लोकांच्या साड्या जुळवते ना. मग हिच्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजचं काय होत असेल?"

मलाही हसू आलं, पण जरा झोंबलंच. मी लॅपटॉप उघडला आणि पान दाखवलं. हे बघा, इथं दोघी वेगळ्या आहेत. तिनं मान वाकडी करून बघितलं आणि लाल चवळीचा दाणा उचलून थेट स्क्रीनवर धरला. चित्र पेटलेलं आणि त्याच्यापुढे खरा दाणा जळका खडा.

"विचारतात, आत चूल पेटवलीय का?" सेविका म्हणाली. "ती विझवा म्हणतात. अंधारातही उजळतं, असं बी कुठं असतं?"

चूल विझवायची म्हणजे उजेड कमी करायचा. मी स्क्रीनचा उजेड खाली खाली आणला. बियाणेवाली दाणा धरूनच होती, अजून, अजून, असं हातानं करत. कागदाइतका उजेड झाला तेव्हा ती थांबली. आणि तिथं मला दिसलं. उजेड कागदासारखा झाला तरी चित्र दाण्यापेक्षा लालच होतं. दिव्यानं नव्हे, मीच ते लाल केलं होतं. तिथंच खाटेवर बसून मी ती अर्धी छटा काढून टाकली, जसा फोटो ओट्यावर काढला होता तसा ठेवला. चित्र दाण्याच्या जवळ आलं. काथ्या चवळी तर तिच्या दाण्याखाली पार हरवली.

आता कबूल करायलाच हवं होतं. मी सेविकेला म्हटलं, सांग यांना, कापड धुतल्यावर उतरतं म्हणून मी नेहमी अर्धी छटा जास्त देते, त्याच सवयीनं इथंही दिली.

सेविकेनं सांगितलं. बियाणेवालीनं ऐकलं आणि सूप पाखडत पाखडत उत्तर दिलं.

"म्हणतात, माझं बी कोण धुणार आहे?"

त्यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारच्या घरातून दोन बायका काय झालं ते बघायला आल्या. मग त्यांनाही सांगावं लागलं. मग त्या हसल्या. पण पुस्तक वाटायचं की नाही, याचं उत्तर तिनं दिलं नाही. बोट कागदावर ठोकून म्हणाली, कागदावर दाखव.

खाली आल्यावर पुन्हा प्रेसवाल्याकडे गेले, या वेळी वही घेऊन. त्यानं पेनड्राइव्हवर एक छोटी फाइल दिली. म्हणाला, "ही माझ्या मशीनची आणि माझ्या कागदाची पत्रिका. प्रोफाइल म्हणतात. एक्सपोर्ट करताना हिचं नाव निवडा. म्हणजे तुमचे रंग एकदाच, माझ्या शाईच्या हिशेबानं बदलतील आणि मी पुढे काही बदलणार नाही. तुमची पहिली फाइल स्क्रीनसाठीची होती, लहान करायच्या नादात कुठला लाल कुठल्या मापाचा हेच तिच्यात लिहिलेलं नव्हतं. माझं मशीन अंदाजानं चाललं."

"आणि ते राखाडी ठिपके?"

"ते बंद केलेत?" त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, ते सांगत होते की हा रंग शाईत बसत नाही."

म्हणजे सॉफ्टवेअर बिचारं ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं तोंड दाबलं होतं. घरी जाऊन ठिपके चालू केले. अर्धी छटा काढल्यावर बहुतेक ठिपके आपोआप गेले. लाल चवळीवर मात्र थोडे उरले, तिच्या चमकत्या पाठीवर. प्रोफाइल निवडली, लहान फाइलचा मोह सोडला, बदल एकदाच होईल असं दोनदा तपासलं, अक्षरं फक्त काळ्या शाईत राहतील हेही बघितलं आणि फाइल मोबाइलवर न पाठवता पेनड्राइव्हवर नेली. हे मागून म्हणाले, "रंग पाहता पाहता चहा उकळी गया." गेला तर गेला.

नवा नमुना मी प्रेसच्या पायरीवर, उन्हात बघितला. मूग मुगासारखा. वाल वालासारखा. काथ्या चवळी अगदी तीच. लाल चवळी वेगळी दिसत होती, पण खऱ्या दाण्यापेक्षा थोडी मंद.

"हिला थोडं वर नेता येईल का रे?"

"काकू, या शाईत याच्यापुढे लाल नाही. ओढलात तर पुन्हा भिंत."

त्या संध्याकाळी मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि माझा हात चार वेळा त्या लालच्या पट्टीवर गेला. थोडं, अगदी थोडं वाढवलं तर काय बिघडतंय? तीस वर्षांचा हात आहे, ऐकत नाही. शेवटी लॅपटॉप मिटून त्याच्यावर दळणाचा डबा ठेवला.

मेळ्याला तीन दिवस राहिले असताना पुन्हा वर गेले. हिनं आता नाही म्हटलं तर पुस्तक संपलं, दुसरा नमुना करायला वेळच नव्हता. गटातल्या चार-पाच बायकाही येऊन बसल्या होत्या. बियाणेवालीनं पुस्तक उघडलं आणि एकेक दाणा ठेवायला लागली. मूग हरवला. कुळीथ हरवला. ज्वारीचे तिन्ही आपापल्या जागी बसले. काथ्या चवळी हरवली. मग लाल. तिनं दाणा ठेवला, आणि तो चित्रावर कुंकवाच्या टिकलीसारखा उठून दिसत राहिला.

मी सेविकेला म्हटलं, सांग, शाई एवढीच आहे, याच्यापुढे जात नाही. सेविकेनं सांगितलं की नाही कुणास ठाऊक. बियाणेवाली तोपर्यंत उठून घरात गेली होती. बाहेर आली ती एक सुका भोपळा घेऊन, त्याचं तोंड चिंधीनं बांधलेलं. त्यातून लाल चवळीचे चार दाणे काढले, फुंकर मारली आणि एक दाणा चित्रावर ठेवला.

हरवला. मी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. दाणा कुठं आहे ते शोधायला बोट लावावं लागलं.

"म्हणतात, हे गेल्या सालचं बी आहे," सेविका म्हणाली. "ठेवून ठेवून रंग थोडा उतरतो. तुमच्या कागदावरची चवळी एक साल जुनी आहे."

मग तिनं काथ्या चवळीचा दाणा मुद्दाम लालच्या चित्रावर ठेवला आणि पुस्तक सगळ्या बायकांपुढून फिरवलं. प्रत्येकीनं मान हलवली, ही वेगळी, ही इथली नाही. पुस्तक परत हातात आल्यावर तिनं त्या पानावर बोट ठेवून सेविकेला लांबलचक काहीतरी सांगितलं.

"म्हणतात, वाटा. पण या चित्राखाली लिहा की हा जुन्या बियाचा रंग आहे, ताजं बी याच्याहून लाल असतं. ज्यांना वाचता येतं त्या वाचतील, ज्यांना येत नाही त्यांना मी सांगेन. खोटं मात्र लिहू नका."

मी तिथंच लॅपटॉप उघडून ओळ लिहिली. सेविकेनं ती तिच्या बोलीत करून दिली, तीही खाली घातली. परत एक्सपोर्ट केलं, परत तीच प्रोफाइल, परत एकदाच बदल. बियाणेवाली शेजारी बसून बघत होती. टक्केवारी सरकत जाते ना, ती शंभर झाल्यावर तिनं विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. तिनं उरलेले तीन दाणे भोपळ्यात परत टाकले आणि चिंधी बांधली.

खाली प्रेसवाल्यानं ती ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काकू, 'हा एक साल जुन्या बियाचा रंग आहे, ताजं बी याच्याहून लाल असतं.' ही माझ्या शाईची बदनामी नाही का?"

"बदनामी कसली? माप आहे. आणि ते मी नाही घेतलं, तिकडच्या बाईनं घेतलंय. जाऊन भांड तिच्याशी."

"नको बाबा," तो म्हणाला आणि मशीन चालू केलं.

मेळ्याला मी गेले, हेही आले. घाटात यांनी ड्रायव्हरला तीनदा गाडी कशी चालवावी ते सांगितलं. मांडवाखाली बियाणेवाली सुपं मांडून बसली होती आणि पुस्तकांचा गठ्ठा तिच्या मांडीजवळ होता. पण ती पुस्तक असंच कुणाला देत नव्हती. बाई समोर आली की आधी चवळीचं पान उघडायची, दोन दाणे तिच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, लाव. बाईनं दाणे बरोबर जागी ठेवले की पुस्तक तिचं. चुकलं तर पुन्हा. तोरणमाळकडची एक तरणी सून दोनदा चुकली, तिच्याबरोबरच्या बायकांनी तिची अशी थट्टा केली की ती लाजून लाल झाली. तिसऱ्यांदा तिनं दाणे उचलले, मांडवाच्या बाहेर गेली, उन्हात उभी राहून नीट बघितले आणि मग येऊन बरोबर ठेवले. बियाणेवालीनं तिला पुस्तक दिलं, वर ओंजळभर लाल चवळी दिली, आणि पुढच्या बाईला हात केला.